घरचा वाफा

मागल्याच्या मागल्या वर्षी, वैशाख संपता संपता मला पुण्याहून एका बाईंचा फोन आला. आमचा थोरला मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या सोसायटीतली वीस-बावीस घरं दर शनिवारी आमच्याकडून भाजीपाला घेतात. त्यांपैकीच त्या एक. आवाजात राग नव्हता. त्या म्हणाल्या, "काका, तुमचे अ‍ॅव्होकॅडो आणून दहा दिवस झाले, मऊच होत नाहीत. वरून सुरकुतलेत, आतून रबरासारखे आहेत. एक कापून बघितला तर कडवट लागला. तुम्ही घरी खाल्ले का हो यातले?"

"बघतो ताई," एवढं म्हणून मी फोन ठेवला.

खरं उत्तर 'नाही' असं होतं. ते फळ विकायला लागून आम्हाला दुसरं वर्ष होतं आणि आमच्या घरात एकानंही त्याचा घास तोंडात घातला नव्हता. बाईंनी पैसे परत मागितले असते तर मी लगेच दिले असते, मनाला एवढं लागलं नसतं. त्यांनी नुसतं विचारलं, आणि मला खोटं बोलता येईना, खरंही बोलता येईना.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात. पाऊस बेताचा. अंजीर आणि सीताफळ ही आमच्याकडची नावाजलेली फळं. माझी जमीन चार एकर, एक विहीर, ठिबक. त्यातल्या वीस गुंठ्यांत डाळिंब होतं. त्यावर तेल्या आला. तेल्या म्हणजे फळावर काळे तेलकट डाग पडतात आणि फळ तडकतं. दोन वर्षं झुंजलो, मग बाग मुळासकट काढली. रान मोकळं पडलं. धाकटा मुलगा माझ्याबरोबर शेती करतो. तो कुठं कुठं फिरून आला आणि म्हणाला, "आप्पा, अ‍ॅव्होकॅडो लावू." मी म्हणालो, "नाव तरी नीट सांग." शेवटी पंचेचाळीस कलमं आणली. ह्या झाडाच्या मुळाशी पाणी साठलं की ते सडतं, म्हणून उंच गादीवाफे केले. कोवळ्या खोडाला ऊन चटकतं, म्हणून चुना फासला, दोन उन्हाळे वरून जाळी धरली. तरी सहा झाडं गेली. चौथ्या वर्षी फळ धरलं.

पहिल्या वर्षीचा माल यार्डात गेला. तिथं त्याला बटरफ्रूट म्हणतात. किलोला दीडशेचा भाव लागला. पट्टी हातात आली तेव्हा कारभारीण म्हणाली, "किती? एका किलोला?" त्यानंतर त्या फळाकडं घरात सगळे सोनाराच्या दुकानात बघावं तसे बघायला लागले. हात लावायचा नाही. दीडशे रुपये किलोचं फळ खायचं म्हणजे नोटच चावायची.

यार्डात माल गेला की त्याची चव परत येत नाही. पट्टी येते, हमाली-तोलाई कापून पैसे येतात. खाणाऱ्याचं तोंड वाकडं झालं का, ते आपल्याला कुणी कळवत नाही. दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या मध्याला भाव चढा होता, फळं हातात मावेना एवढी झाली होती, म्हणून आम्ही तोडली. काही यार्डात, काही सोसायटीत. यार्डातल्यांचं काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. सोसायटीतल्यांचा मात्र फोन आला.

त्या रात्री झोप लागेना. अंगणात पडून होतो. आणि आईचं एक बोलणं आठवलं, पन्नास वर्षांपूर्वीचं.

१९७२ साल. मी बारा वर्षांचा. दुष्काळाचं ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून पटायचं नाही. आई-वडील दोघं खडी फोडायला दुष्काळी कामावर. आम्हा पोरांना सुकडी मिळायची. रेशनला मिलो यायचा, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना कडा तुटायच्या, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. रंग विटकरीसारखा. एक दिवस आई परातीत ते पीठ मळता मळता थांबली आणि वडिलांना म्हणाली, "आवं, ज्यानं ह्ये पिकवलं, त्यानं कधी खाऊन बघितलं आसंल का?"

वडील म्हणाले, "त्यांच्यात ती जनावरं खात्यात."

आई काही बोलली नाही. भाकरी थापली, आम्हाला वाढली. तिनं मिलोला कधी नावं ठेवली नाहीत. त्या ज्वारीवर आम्ही जगलो हे ती पुढं म्हातारपणीही सांगायची. पण तो प्रश्न तिच्या मनात होता. भुकेल्याला दिलं हे चांगलंच, पण देणाऱ्याच्या ताटात ते असतं का, हा वेगळा प्रश्न आहे. त्या वेळी प्रश्न आम्ही विचारत होतो. आता फोनवर मला विचारला गेला. मधल्या पन्नास वर्षांत मी परातीच्या ह्या बाजूनं त्या बाजूला गेलो होतो, आणि मला कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडाखाली गेलो. एक फळ तोडून कापलं. कोयीवरचं साल पांढरं, जाड, गराला चिकटलेलं. धाकट्यानं चार ठिकाणी विचारलं तेव्हा उलगडा झाला. हे फळ झाडावर कधीच मऊ होत नाही. तोडल्यावरच पिकतं, आपल्या आंब्याला आढी घालावी लागते तसं. पण तोडायच्या आधी ते आतून तयार व्हावं लागतं, त्यात तेल भरावं लागतं. आकार पुरा झाला म्हणजे तयार झालं असं नाही. तयार झालं की हिरव्या सालीची चकाकी उतरते, कोयीवरचं साल पातळ आणि तपकिरी होतं. त्याआधी तोडलं तर नुसतं सुकतं. म्हणजे आम्ही माल विकला होता पण फळ विकलं नव्हतं.

नात तेव्हा सुट्टीला आली होती, थोरल्याची मुलगी, नऊ वर्षांची. तिनं आणि मी मिळून एक उद्योग आरंभला. दर रविवारी एक फळ तोडायचं आणि ज्वारीच्या कणगीत पुरायचं. पहिलं आठवड्यानं काढलं तर म्हाताऱ्याच्या गालासारखं. दुसरं अर्धं मऊ, अर्धं टणक. तिसरं जूनच्या तीन तारखेला पुरलं ते दहा तारखेला काढलं. देठाजवळ अंगठा दाबला, तो हलकेच रुतला. सुरीनं उभं कापून पिळलं तर दोन वाट्या वेगळ्या झाल्या. आत कडेला हिरवा आणि मधे पिवळा गर, म्हशीच्या लोण्यासारखा. कोय तपकिरी.

पहिला घास मी घेतला. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. ना गोड, ना आंबट. मीठ न घातलेलं लोणी. नातीनं तोंड वाकडं केलं. कारभारीण म्हणाली, "ह्याला दीडशे?" आणि मग, जी बाई आयुष्यभर फुटक्या टोमॅटोचं आणि जून गवारीचं चविष्ट कालवण करत आली, ती बाई ते फळ घेऊन चुलीकडं गेली.

उन्हाळ्यात आमच्याकडं भाजीची तशी ओढच असते. विहिरीचं पाणी तळाला जातं, कोथिंबीर महाग होते. तरी परसात काही ना काही असतं. काकडी, गवार, भेंडी, दोडका, चार वांग्यांची झाडं, दुधीचा वेल. शिंक्यात कांदे. शेजारच्या झाडाची शेवटची कैरी. तिनं कांदा बारीक चिरला, काकडी कोचवून पिळली, कैरी किसली. हिरवी मिरची, लसूण आणि मीठ तव्यावर खरडलं. त्यात तो गर हातानं कुस्करला, वरून शेंगदाण्याचं कूट. कैरीमुळं दोन गोष्टी झाल्या. चवीला धार आली आणि गर काळा पडला नाही, कारण कापलेल्या वांग्यासारखाच हाही उघडा राहिला की काळवंडतो. ज्वारीची गरम भाकरी आणि ते. नातीनं दोन वेळा मागून घेतलं. मीही.

मग तिचा हात बसला. एकदा तिनं तो गर आमटीत शिजवून बघितला, तर कडू झाला. तेव्हापासून तिचा नियम, ह्याला आच दाखवायची नाही. वांगं भाजून, सोलून, पुरतं गार झालं की मग भरतात कालवायचं. दुधीच्या थालीपिठावर लोण्याच्या जागी लावायचं. दोडक्याच्या शिरांची चटणी केली की तिच्याबरोबर. सून म्हणाली, "आई, हे फळ जिथलं आहे ना, त्या मेक्सिकोत असंच करतात. मिरची, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू घालून कुस्करतात आणि मक्याच्या भाकरीबरोबर खातात." कारभारीण म्हणाली, "मग त्यांच्यात पण शानी माणसं हायती."

सूनबाईंनी आणखी एक सांगितलं त्यानं मी चाटच पडलो. मिरची त्याच मुलखाकडची. टोमॅटो, मका, भुईमूग, बटाटा, पेरू, पपई, सगळं समुद्रापलीकडून, अमेरिका खंडातून आलेलं. आणि ज्याच्यावर आमचा तालुका मिरवतो ते सीताफळसुद्धा. चार-पाचशे वर्षांपूर्वी ह्यातलं काही इथं नव्हतं. मी विचार करत बसलो की मग मिरची आपली कशी झाली? पिकवून झाली म्हणावं तर अ‍ॅव्होकॅडोही मी पिकवतोच. मला वाटतं, ती आपली झाली ते कुणा बाईनं ती खरडली तेव्हा. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं, कुणी म्हणालं कमी घाल, कुणी म्हणालं तेल सोड. पीक शेतात उभं राहिलं म्हणजे ते शेताचं झालं. घराचं होतं ते चुलीवरून जाऊन. आणि घराचं झाल्यावरच आपल्याला त्याचं बरंवाईट कळतं. आम्ही ते फळ खात असतो तर मे महिन्यात तोडलंच नसतं. पहिल्याच घासाला कळलं असतं.

म्हणून मी एक नियम ठरवला आणि जेवताना सगळ्यांना सांगितला, जे आपण खाल्लं नाही ते विकायचं नाही. बाईंना फोन करून खरं ते सांगितलं. सगळ्या घरांचे पैसे परत केले. राहिलेली फळं झाडावर ठेवली. मला वाटलं, हिशेब चुकता झाला.

पण तो चुकता झाला नव्हता. शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी थोरला नातीला न्यायला गाडी घेऊन आला. आम्ही नेहमीसारखा सोसायटीचा माल भरला. भेंडीची, वांग्यांची, दोडक्याची क्रेटं. आणि शेवटी थोरल्याच्या घराची पिशवी, ती कारभारणीनं वेगळी भरली. नात बघत होती. म्हणाली, "आप्पा, आपली पिशवी वेगळी का?"

आजी म्हणाली, "ती घरच्या वाफ्यातली हाय बाळा. फवारा न मारलेली."

"आणि ही क्रेटातली?"

कुणी काही बोललं नाही. ती म्हणाली, "पण मी तर रोज शाळेतून आले की मैत्रिणीकडंच जेवते. तिची आई भेंडी मस्त करते. तुमचीच असते ना ती?"

मैत्रीण म्हणजे फोन करणाऱ्या बाईंची मुलगी.

आता घरच्या वाफ्याबद्दल सांगितलं पाहिजे. ज्यांना माहीत आहे ते मान खाली घालतील, म्हणून आधी मीच घालतो. आमच्या घरामागं दोन सऱ्या भेंडीच्या, चार-सहा वांग्यांच्या झाडांचा एक वाफा असतो. त्यावर पंप चालत नाही. बाजाराची भेंडी विहिरीकडच्या पट्टीत, दहा गुंठे. तिच्यावर तुडतुडे येतात, पांढरी माशी येते, फळ पोखरणारी अळी येते, आणि पंप चालतो. आम्ही त्याला औषध म्हणतो. शब्दाचीही गंमतच. मारायच्या वस्तूला औषध म्हटलं की हात थरथरत नाही.

गंमत अशी की आईच्या वेळी घरचं आणि बाजाराचं हे अंतर उलटं होतं. चांगलं ते बाजारात जायचं. फुटका टोमॅटो, किडकं वांगं, वाकडी काकडी घरात. आई किडका भाग काढून टाकायची आणि म्हणायची, "अळी जगली म्हंजी आपुन बी जगू." तिनं आयुष्यात एक अखंड, देखणं वांगं स्वतःच्या ताटात घेतलं नसेल. तो अन्याय घरावर होता, आणि गरिबीचा होता. आमच्या पिढीत तो फिरला. देखणं ते अजूनही बाजारात जातं, पण आता आम्हाला ठाऊक आहे की ते देखणं कशानं झालंय. म्हणून किडकं आम्ही मागून घेतो. आईचं किडकं वांगं सोसलेलं होतं. माझं किडकं वांगं राखून ठेवलेलं आहे.

आमच्याकडं चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा असा नैवेद्य असतो. जेजुरी हाकेच्या अंतरावर, त्यामुळं घरोघरी. त्या दिवशी कारभारीण वांगी घरच्या वाफ्यातलीच आणते. हे मी तीस वर्षं बघतोय आणि कधी मनात आलं नव्हतं की देवाला कोणतं चालतं ते आपल्याला बरोबर कळतं. देवाला वेगळं, घराला वेगळं, पुण्याला वेगळं.

अ‍ॅव्होकॅडोच्या वेळी मी नियम केला, खाऊन मग विकायचं. नातीच्या प्रश्नानं कळलं की तो नियम पुरा नाही. कच्चं फळ खाणाऱ्याला कळतं. तो फोन करतो, आपण सापडतो. फवारलेली भेंडी जिभेला कळत नाही. ती कोवळीच लागते, गोडच लागते. बाईंनी अ‍ॅव्होकॅडोबद्दल विचारलं, भेंडीबद्दल त्या कधीच विचारणार नव्हत्या, उलट शनिवारी जास्तीची मागवत होत्या. जिथं खाणाऱ्याला कळतं तिथं प्रामाणिक राहण्यात फारसं काही नाही, तो निम्मा धंदाच आहे. खरी परीक्षा असते ती जिथं त्याला कधीच कळणार नाही तिथं. आणि तिथं जीभ उपयोगाची नाही. तिथं एकच माप आहे, जे त्याच्या ताटात तेच माझ्या ताटात. चव घेण्यापुरतं नाही, रोजच्या जेवणात.

मी हे धाकट्याला सांगितलं. तो माझ्यासारखा दहावीवर थांबलेला नाही, शेतीचा हिशेब त्याच्याकडं असतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आप्पा, तुमचं बरोबर हाय. पण यार्डात कुणी चव विचारत नाही, रंग विचारतात. एका भेंडीला भोक दिसलं की आख्खं क्रेट बाजूला. डब्यावर लिहिलेलं असतंय, फवारल्यावर अमुक दिवस तोडू नका. मी वाचतो. तुम्ही पण वाचता. पण भेंडी दिवसाआड तोडावी लागती. चार दिवस ठेवली की जून होती, कुणी फुकट घेत नाही. औषध म्हणतंय थांब, भेंडी म्हणती चल. कुणाचं ऐकू? पीककर्जाचा हप्ता कुणाचंच ऐकत नाही."

त्याचं म्हणणं खोटं नाही. ज्याची एक एकर कोरडवाहू आहे, पोरीचं लग्न तोंडावर आहे, त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू की बाबा, एकच वाफा कर? माझा एक मुलगा पगारी आहे. वर्षाला एक पीक गेलं तरी आमची चूल विझत नाही. गरजेतून केलेली चूक आणि सवयीतून केलेली चूक ह्यांत फरक आहे, आणि मी दुसऱ्या जातीतला आहे हे मला कबूल करायला पाहिजे. शहरातल्या माणसालाही एक सांगावंसं वाटतं. डाग नसलेली, एका मापाची भेंडी निवडताना हातातल्या पिशवीत नुसती भेंडी येत नाही. पण हे सांगून माझी सुटका होत नाही. त्यांनी देखणी मागितली, हे खरं. कशानं देखणी केली, हे मी सांगितलं नाही, हेही खरं. माहिती माझ्याजवळ होती, त्यांच्याजवळ नव्हती. ज्याच्याजवळ माहिती असते, त्याच्या अंगावर ओझं जास्त असतं.

बरेच दिवस घरात ह्यावरून धुसफूस चालली. शेवटी कारभारणीनंच निकाल लावला. एक दिवस सकाळी उठून बघतो तर तिनं घरामागच्या दोन्ही सऱ्या उपटून ढीग घातलेला. म्हणाली, "आता आपुन बी विहिरीकडचीच खायची. बघू तुमी दोघं किती फवारताय ते."

त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडं एकच वाफा आहे. सगळं सुरळीत झालं असं समजू नका. निंबोळ्या गोळा करून ठेवतो, पाच किलो कुटून शंभर लिटर पाण्याला अर्क काढतो. पिवळे चिकट सापळे लावतो, किडकी भेंडी दिसली की खुडून पुरतो. तरी अळी येते. पहिल्या उन्हाळ्यात माल घटला, भेंडीत सात-आठ हजार रुपये कमी मिळाले. एकदा तुडतुड्यांनी पानं करपायला लागली तेव्हा औषध मारावंच लागलं. मग डब्यावर लिहिले होते तेवढे दिवस तोडा बंद ठेवला. जून झालेली भेंडी गाईला घालावी तर तीही फवारलेलीच. सगळी खड्ड्यात गेली. त्या शनिवारी सोसायटीला निरोप धाडला, "ह्या आठवड्यात भेंडी नाही. फवारली आहे. आमच्या घरीही नाही." तीन घरांनी आमच्याकडून घेणं बंद केलं. त्यांना वाटलं, इतके दिवस हे फवारत होते तर! बरोबरच वाटलं. बाकीच्यांनी विचारलं, पुढच्या शनिवारी असेल का.

अ‍ॅव्होकॅडोचंही तसंच. आता मे महिन्यात भाव चढतो तेव्हा आम्ही गप्प बसतो. रविवारी एक फळ तोडून कणगीत पुरतो. ते खाऊन कारभारीण 'हं' म्हणाली की तोडा सुरू. तोवर भाव थोडा उतरलेला असतो. धाकटा पट्टीकडं बघतो, मग आईकडं बघतो. आणि एक गोष्ट त्या झाडाची, लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. त्याचा पाला शेळी-गाईला घालू नये, बाधतो. आमच्या शिवारात जनावर खात नाही असं झाड दुर्मीळ. म्हणजे ह्याची परीक्षा घ्यायला माणसाशिवाय कुणी नाही.

गेल्या जूनमध्ये त्याच बाईंचा पुन्हा फोन आला. मी नाव बघितलं आणि छातीत धस्स झालं. त्या म्हणाल्या, "काका, फळं मिळाली. या वेळी घरी खाल्ली का?" हसत होत्या.

म्हणालो, "खाल्ली ताई, कालच खाल्ली. तुम्ही अजून दोन दिवस थांबा. देठाजवळ अंगठ्यानं दाबून बघा, रुतला की कापा. आच लावू नका. कांदा, काकडी, मिरची आणि कैरी असली तर कैरी, नाहीतर लिंबू." त्यांनी लिहून घेतलं. मग फोन ठेवायच्या आधी मी म्हणालो, "ताई, आणखी एक सांगायचं होतं, दोन वर्षं राहून गेलंय. आधी तुम्हाला भेंडी यायची ती आणि आमच्या मुलाच्या घरी जायची ती, एका वाफ्यातली नव्हती."

पलीकडं थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "आणि आता?"

"आता एकच आहे," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. रागावल्या की काय, मला कळलं नाही. शनिवार उजाडेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. शनिवारी थोरल्याचा फोन आला तेव्हा मी आधी तेच विचारलं. तो म्हणाला, त्यांनी नेहमीसारखी अर्धा किलो भेंडी नेली, आणि क्रेटातून किडक्या दोन निवडून बाजूला टाकल्या नाहीत, तशाच पिशवीत घातल्या.